स्वागताचे चार कन्नड शब्द

बेंगळुरूच्या वायव्येस तुमकुरू रस्त्याला लागून एक मोठी औद्योगिक वसाहत आहे. आपण मराठी माणसे तिला 'पीण्या' म्हणतो. कन्नडमध्ये हे नाव 'पीण्य' असे लिहितात, आणि ते आपल्या 'पुण्य' शब्दाशी यमक जुळेल असे उच्चारतात. आपण ते नाव इंग्रजी पाटीवरून उचलले, आणि पाटीवरच्या शेवटच्या अक्षराला भुलून त्याला काना जोडून दिला. मी ह्या वसाहतीत नोकरीसाठी आलो तेव्हा हा काना घेऊनच आलो, आणि पुढची सहा वर्षे तो काढून ठेवण्याची गरज मला वाटली नाही. ती गरज ज्या कारणाने वाटली, आणि त्या निमित्ताने दुसऱ्याच्या भाषेत चार मानाचे शब्द बोलण्यासाठी काय काय शिकावे लागते हे जे ध्यानात आले, तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम स्थळाविषयी थोडेसे. पीण्याच्या शेजारी जालहळ्ळी. तेथे हिंदुस्थान मशीन टूल्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स हे दोन मोठे सरकारी उद्योग उभे राहिले. पहिल्याची स्थापना १९५३ ची, दुसऱ्याची १९५४ ची. पुढे १९७० नंतरच्या दशकात पीण्याची वसाहत आकारास आली आणि लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, हत्यारे, साचे, मुलामा अशी कामे करणारे लहानमोठे कारखाने तेथे दाटीने वसले. ह्या कामांत मराठी माणसाला परकेपण वाटत नाही. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगाव ह्या भागांतून फौंड्री आणि यंत्रकामाची हातोटी घेऊन माणसे येथे येतात. तसे पाहिले तर बेंगळुरूस आपण आजकाल आलो असेही नाही. १६३८ मध्ये हे नगर विजापूरकरांच्या हाती आल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. परंतु इतिहासातील जहागीर एक, आणि कारखान्यातील रोजचा व्यवहार दुसरा. आमचा व्यवहार हिंदी, इंग्रजी आणि यंत्राच्या आवाजावर ओरडून सांगितलेले पाचपंचवीस कन्नड शब्द एवढ्यावर चाले.

आमच्या कारखान्यातील सर्वांत जुने फोरमन निवृत्त व्हावयाचे होते. कर्नाटकात १ नोव्हेंबर हा राज्योत्सवाचा दिवस. १९५६ मध्ये ह्याच तारखेस कन्नड भाषकांचे एकत्रित राज्य झाले. त्याचे नाव तेव्हा म्हैसूर होते, ते १९७३ मध्ये त्याच तारखेस कर्नाटक झाले. सुटीच्या दिवशी कारखाने बंद असतात, म्हणून लाल-पिवळा ध्वज उभारून राज्योत्सव करण्याचा समारंभ पीण्यात नोव्हेंबरच्या कोणत्याही सोयीच्या दिवशी होतो. एका रस्त्यावर आज, पलीकडच्या रस्त्यावर पुढच्या शनिवारी. मालकांनी ठरवले, की फोरमनांचा निरोप आणि राज्योत्सव एकत्र करावा, आणि स्वागताचे भाषण मी करावे. मी म्हटले, करीन, आणि कन्नडमध्ये करीन. हे मी कोणत्या धैर्याने म्हटले ते आज सांगता येत नाही. बहुधा पाच मिनिटांचे भाषण, त्यात निम्मे शब्द संस्कृत, पाठ करून म्हणता येईल, असा माझा हिशेब असावा.

भांडारात काम करणाऱ्या एका बाईंना कारखान्यातील सर्व जण 'अक्का' म्हणत. त्या तुमकुरूकडच्या. पाळी सुटल्यावर रोज अर्धा तास त्यांनी मला शिकवावे असे ठरले. मी देवनागरीत लिहिलेले माझे भाषण त्यांच्यासमोर मोठ्या ऐटीत वाचले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सार, ह्यात कन्नड केव्हा सुरू होते?"

आता अडचण नेमकी कोठे होती, ते पाहू. पहिली गोष्ट शब्दाच्या शेवटाची. मराठीत आपण 'नमस्कार' असे लिहितो आणि 'नमस्कार्' असे म्हणतो. शेवटचा अकार आपण गिळतो, मधला अकारही पुष्कळदा गिळतो. कन्नड शब्द बहुतेक स्वरान्त, आणि तो स्वर बोलावयाचा असतो. 'नमस्कार' म्हणताना शेवटचा 'र' पुरता मोकळा सुटला पाहिजे. 'बसवनगुडी' हे बेंगळुरूतील पेठेचे नाव आपण 'बसवन्गुडी' असे चार घासांत संपवतो; तेथला माणूस त्याची सहाही अक्षरे मोजून देतो. अक्कांनी मला ह्यासाठी एक नामी उपाय सांगितला. पीण्यास २०१४ च्या १ मार्चपासून मेट्रो धावते. गाडीत प्रत्येक स्थानकाआधी 'मुंदिन निल्दाण', म्हणजे पुढील स्थानक, असे म्हणून नाव पुकारतात. ते ऐकावे आणि ओठांतल्या ओठांत म्हणावे. यशवंतपुर, गोरगुंटेपाळ्य, पीण्य, जालहळ्ळि, दासरहळ्ळि. मी आठ दिवस हा पाठ केला. शेजारच्या प्रवाशांनी मला जागा करून दिली, ती आदराने की भयाने हे कळले नाही.

दुसरी गोष्ट अधिक बिकट. मराठीत आणि संस्कृतात 'ए' आणि 'ओ' हे स्वर दीर्घच मानतात. कन्नडमध्ये त्यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन दोन प्रकार आहेत, आणि त्यांसाठी लिपीत निरनिराळी अक्षरे आहेत. आपल्या नेहमीच्या देवनागरीत ऱ्हस्व एकाराला चिन्हच नाही. त्यामुळे मी भाषण लिहून घेतले तेव्हाच निम्मा घात झाला होता. 'बेळे' ह्यात पहिला एकार आखूड असेल तर शेतातील पीक, लांब असेल तर डाळ. 'ओले' ह्यातील ओकार आखूड असेल तर चूल, लांब असेल तर पत्र. 'केरे' ह्यातील पहिला एकार आखूड असेल तर गावाचे तळे, आणि लांब असेल तर धामण. तळे आणि धामण ह्यांत केवळ एका मात्रेचे अंतर, हे मी वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवले. त्याचा उपयोग कितपत झाला ते पुढे कळेलच.

तिसरी गोष्ट जोडाक्षराची. 'कते' म्हणजे कथा. 'कत्ते' म्हणजे गाढव. मराठीतही आपण 'सत्ता' आणि 'सता' ह्यांत भेद करतो, परंतु घाईत बोलताना दुहेरी व्यंजनाचा भार आपण पुष्कळदा हलका करतो. कन्नड माणूस त्या व्यंजनावर क्षणभर थांबतो. अण्ण, अप्प, अक्क, अय्य ह्या नात्यांच्या आणि मानाच्या शब्दांत तर तो थांबा हाच शब्दाचा प्राण आहे. आपण त्यांतले 'अण्णा', 'अक्का' उचलले, आणि शेवटी काना लावून घरचे केले. तेथेही पुन्हा तोच काना.

'च' आणि 'ज' ह्यांच्या बाबतीत आपली मराठी आपल्याला दगा देते. 'चमचा' आणि 'चार', 'जाळे' आणि 'जीवन' ह्यांत आपण दोन प्रकारचे च-ज वापरतो, आणि त्यांचे भान कोणालाच नसते. मानक कन्नडमध्ये 'चार' आणि 'जीवन' ह्यांतला, तालूवरचा, तेवढाच. जालहळ्ळीतला 'जा' मी सहा वर्षे जाळ्यातला म्हणत होतो. 'ज्ञ' चेही तसेच. आपण त्याचा 'द्न्य' करतो, आणि आभाराच्या प्रत्येक भाषणात 'कृतज्ञते' हा शब्द हमखास येतो. कन्नड मुखात तो 'ग्न' च्या जवळ जातो.

परंतु सगळेच उणे नव्हते. 'ळ' आपल्याकडे आहे. उत्तरेकडून आलेले आमचे सहकारी 'हळ्ळि', म्हणजे गाव, ह्याचा 'हल्लि' असा उच्चार करीत. आणि 'हल्लि' म्हणजे पाल. 'कृष्ण' आपण 'क्रुष्ण' म्हणतो, तेही तसेच म्हणतात. 'भाषण', 'धन्यवाद' ह्यांतील महाप्राण आपल्याला सहज येतात. मात्र हकाराविषयी अक्कांनी एक ताकीद दिली. काही बोलींत शब्दारंभीचा 'ह' गळतो, आणि तो सुधारण्याच्या अतिउत्साहात माणूस नसलेला 'ह' लावतो. 'आदरद स्वागत' म्हणजे आदराचे स्वागत. त्यातल्या 'आदर' ला चुकून 'ह' लागला तर जो अर्थ होतो तो ध्वनिक्षेपकावरून सांगणे प्रशस्त नाही. त्यांनी तो मलाही सांगितला नाही. मी शब्दकोशात पाहिला आणि ते वाक्य भाषणातून काढून टाकले.

उच्चाराइतकाच खड्डा अर्थाचा. संस्कृत शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण दोन घरांत वाढलेल्या भावंडांप्रमाणे त्यांच्या सवयी निराळ्या. मी लिहिले होते, की फोरमनांनी तीस वर्षे ह्या 'व्यवसायात' घालवली. कन्नडमध्ये 'व्यवसाय' म्हणजे शेती. त्यांची शेती गावी होती खरी, पण ती तीस वर्षे त्यांच्या भावाने केली. आपण ज्याला उद्योगधंदे म्हणतो त्याला कन्नडमध्ये 'कैगारिके' म्हणतात. 'कै' म्हणजे हात. शब्दातच कामगाराचा हात आहे. पीण्याच्या सरकारी पाटीवर 'कैगारिका प्रदेश' असे असते, ते मी रोज वाचत होतो आणि त्यातला हात मला दिसला नव्हता. 'अनुमान' म्हणजे आपल्याकडे तर्काने काढलेला निष्कर्ष, तिकडे संशय. 'अभ्यास' म्हणजे तिकडे मुख्यतः सराव, सवय. आणि सर्वांत गमतीचा शब्द 'संभ्रम'. आमच्या निमंत्रणपत्रिकेवर छापले होते, की हा संभ्रमाचा दिवस आहे. मला वाटले, मुद्रकाने तरी खरे ते छापले. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे उत्सवाचा आनंद.

श्रोतेहो, ह्या सर्वांहून मोठी गोष्ट मला चौथ्या दिवशी कळली, आणि ती व्याकरणाची म्हणावी की वर्तणुकीची हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. कन्नडमध्ये आपल्याप्रमाणेच 'तू' आणि 'तुम्ही' आहेत: 'नीनु' आणि 'नीवु'. 'बा' म्हणजे ये, 'बन्नि' म्हणजे या. 'कोडु' म्हणजे दे, 'कोडि' म्हणजे द्या. तिसऱ्या पुरुषीही 'बंद' म्हणजे तो आला, 'बंदरु' म्हणजे ते आले. मराठी माणसाला ह्यात शिकण्यासारखे काहीच नाही, इतके ते आपले आहे. परंतु मी कन्नड शिकलो ते कारखान्यात, वरच्यांनी खालच्यांस दिलेल्या हुकमांतून. त्या हुकमांत 'बा', 'होगु', 'कोडु', 'माडु' एवढीच रूपे असत. त्यामुळे मी जे काही कन्नड बोलत होतो ते सर्व एकवचनी होते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या त्या फोरमनांना मी सहा वर्षे 'नीनु' म्हणत आलो होतो. मराठीत मी त्यांना स्वप्नातही अरेतुरे केले नसते. आणि त्यांच्या नावात दोन जोडाक्षरे होती; ती दोन्ही सोडवून, भार काढून, मी त्यांचे नाव एखाद्या पोराला हाक मारावी तसे सुटसुटीत करून टाकले होते.

"त्यांनी कधी सांगितले नाही," असे मी अक्कांना म्हणालो.

"ते कशाला सांगतील, सार?" अक्का म्हणाल्या. "मी सांगते आहे ना."

त्या दिवशी आमचा पाठ पुढे गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी पहिल्याने नाव म्हणावयास शिकलो. 'द्द' वर थांबा, 'य्य' वर थांबा, शेवटचा अकार सोडा, आणि मागे 'अवरु' लावा. हा 'अवरु' म्हणजे मूळचा 'ते', आदरार्थी. नावामागे तो आपल्या 'राव', 'पंत', 'साहेब' ह्यांचे काम करतो, स्त्रीपुरुष दोघांसही चालतो, आणि व्यासपीठावर तो वगळणे म्हणजे पाहुण्यास पाटाशिवाय जेवावयास बसवणे. बेळगाव-धारवाडकडचे आमचे लोक बोलताना प्रत्येक क्रियापदास 'री' लावून आदर दाखवतात. तो रस्त्यावर गोड लागतो, पण भाषणात शोभत नाही. भाषणाची कन्नड बोलीहून वेगळी असते. यंत्रावर उभा राहून मी 'माड्तीनि' म्हणेन, करतो; व्यासपीठावर 'माडुत्तेने' म्हटले पाहिजे, सगळे स्वर जागच्या जागी ठेवून.

स्वागतभाषणाची घडण ठरलेली आहे. आधी प्रार्थना, मग राज्याचे गीत, ज्याला 'नाडगीते' म्हणतात. ते कुवेंपूंचे, सरकारने ते २००४ मध्ये अधिकृत केले आणि २०२२ मध्ये ते अडीच मिनिटांत म्हणावे असे ठरवून दिले. त्या वेळी सर्वांनी उभे राहावयाचे. मग स्वागत. प्रथम व्यासपीठावरील मान्यवरांस संबोधन, 'वेदिकेय मेलिरुव गण्यरे'. मग अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग सत्कारमूर्ती, आणि शेवटी सभेस 'बंधुगळे'. प्रत्येकाचे नाव, 'अवरु', आणि स्वागत. येथेही एक मराठी खोड आड येते. आपण अमक्यांचे स्वागत 'करतो', षष्ठी वापरतो. कन्नडमध्ये अमक्यांना, 'अवरिगे', स्वागत 'कोरुत्तेने', म्हणजे इच्छितो, चिंतितो. करणे आणि चिंतणे ह्यांत अदब कोठे अधिक आहे ते ज्याने त्याने पाहावे. सत्कारास शाल, हार, फळांची करंडी आणि म्हैसुरी पेटा, म्हणजे जरीची पगडी. ती डोक्यावर ठेवताना दोन्ही हातांनी ठेवावी, कपाळावर खाली ओढू नये. शेवटी आभार, त्याला 'वंदनार्पणे' असे सुरेख नाव आहे. आणि निरोप घेताना 'जातो' म्हणावयाचे नाही. 'होगि बरुत्तेने', जाऊन येतो. हे मात्र मला कोणी शिकवावे लागले नाही, कारण आमच्या आजीने 'जातो' म्हणणाऱ्यास उंबऱ्यातून परत बोलावले असते.

आमच्या धंद्यातील एक मराठी गृहस्थ पुढे न्यूझीलंडमध्ये स्थायिक झाले. माझी ही शिकवणी चालू असल्याचे त्यांना कळले तेव्हा त्यांनी लिहिले, की तिकडे त्यांनाही अशाच एका परीक्षेस बसावे लागले होते. तेथील मूळ रहिवासी जे माओरी, त्यांच्या भाषेस १९८७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि शाळा-कचेऱ्यांतील समारंभांत माओरीतून चार शब्द बोलण्याची रीत तेथे रुळली. ह्या औपचारिक नमनास 'मिही' म्हणतात. त्यात माणूस स्वतःचे नाव आधी सांगत नाही. आधी आपला डोंगर, मग आपली नदी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग कूळ, आणि नाव अगदी शेवटी. आपल्याकडे संकल्प सोडताना देश, काळ, गोत्र सांगून मग माणूस स्वतःकडे येतो, त्याची ह्यावरून आठवण होते. आमच्या ह्या स्नेह्यांना डोंगर कोणता सांगावा हा प्रश्न पडला. त्यांनी पन्हाळा सांगितला आणि नदी पंचगंगा.

उच्चाराची त्यांची अडचण ऐकून मला धीर आला. माओरीतही सर्व बिघाड ऱ्हस्व-दीर्घांत. 'केके' आखूड स्वरांनी म्हटले तर गोड केक, लांब स्वरांनी म्हटले तर काख. 'ङ' तेथे शब्दाच्या आरंभीसुद्धा येतो, जो आपण वर्णमालेत पाठ करतो आणि आयुष्यात सुटा कधी उच्चारत नाही. एका माणसास नमन 'तेना कोए', दोघांस 'तेना कोरुआ', तिघांस किंवा अधिकांस 'तेना कोउतोउ'. म्हणजे संस्कृताप्रमाणे द्विवचन जिवंत आहे. आणि एक गोष्ट अशी, की जी इंग्रजी बोलणाऱ्यास महिनोन्‌महिने कळत नाही आणि मराठी माणसास एका क्षणात कळते. त्यांच्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन निराळे शब्द आहेत: ऐकणाऱ्यास वगळून 'मातोउ', त्यास धरून 'तातोउ'. गंमत अशी, की आपल्या शेजारच्या मानक कन्नडमध्ये हा भेद नाही. 'नावु' म्हणजे आम्हीही आणि आपणही. मराठीतला हा भेद द्राविड भाषांच्या सहवासातून आला असे अभ्यासक म्हणतात. तमिळ आणि तेलुगू ह्यांनी तो राखला, कन्नडने सोडला, आणि तो आपल्यापाशी राहिला.

भाषण झाल्यावर माओरी सभेत वक्त्याच्या पाठीराख्यांनी उभे राहून गाणे म्हणावयाचे असते, आणि मग यजमान-पाहुण्यांनी नाकाला नाक लावून श्वास वाटून घ्यावयाचा असतो. हे वाचून आमच्या समारंभात शाल आणि पगडीवरच भागते ह्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

दोन भाषांचे शेजारपण ह्या प्रांतात किती जुने आहे, ह्याची खूण तुमकुरू रस्त्याने पुढे गेले की भेटते. नेलमंगलहून हसनच्या वाटेने श्रवणबेळगोळ गाठावे. गोमटेश्वराच्या पायाशी, मूर्ती चावुंडरायाने करविली, एवढी एकच गोष्ट कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरली आहे. कन्नड ओळीत 'माडिसिदं', मराठी ओळीत 'करवियलें'. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची. मराठी ओळीच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे, पण मराठीच्या अतिप्राचीन लिखित वाक्यांत तिची गणना होते, ह्यात वाद नाही. आपल्या भाषेचे असे एक आद्य वाक्य कन्नड मुलखात, कन्नड वाक्याच्या सोबतीने उभे आहे. आणि अलीकडच्या काळात धारवाडचे द. रा. बेंद्रे, घरी मराठी बोलणारे, कन्नडचे थोर कवी झाले. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. त्यांना ऱ्हस्व एकार कोणी शिकवला असेल, असा प्रश्न मला त्या दिवसांत वारंवार पडे. बहुधा गल्लीने.

समारंभाचा दिवस उजाडला. मांडव कारखान्याच्या आवारात, मशीन शॉप आणि भांडार ह्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. ध्वज झाला, नाडगीते झाले. मी उभा राहिलो. अक्का तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या आणि ओठ हलवीत होत्या. मान्यवर झाले, अध्यक्ष झाले, पाहुणे झाले. मग मी फोरमनांकडे वळलो आणि त्यांचे नाव घेतले: दोन्ही जोडाक्षरांवर थांबून, शेवटचा अकार सोडून, मागे 'अवरिगे' लावून. ते खाली पाहत बसले होते. त्यांनी मान वर केली. मागच्या बाकांवरच्या मुलांची कुजबुज थांबली. इतक्या वर्षांत त्या आवारात माझ्या तोंडून त्यांचे नाव प्रथमच निघत होते.

त्यामुळे मला जरा अधिकच धीर आला आणि कागदावर पाहण्याचे सोडून मी पुढले वाक्य पाठ म्हटले. आपले फोरमन ज्या गावचे, त्या गावाच्या मध्यभागी एक मोठे प्राचीन तळे आहे, आणि सारा गाव त्याच्या आश्रयाने राहतो, असे मला म्हणावयाचे होते. सभेत आधी शांतता पसरली, मग पहिल्या रांगेत कोणीतरी फसकन हसले, आणि मग सगळा मांडव हसू लागला. अक्कांनी पदर तोंडाला लावला होता. पाहुणेही हसले. तांबड्या शाईत लिहिलेला तो एकार मी भर सभेत पुरता लांबवला होता.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी फोरमन माझ्याकडे आले. पगडी अजून डोक्यावर होती, शाल हातावर. माझ्याशी ते नेहमी हिंदीत बोलत. त्या दिवशी प्रथमच कन्नडमध्ये, सावकाश, मला कळेल असे बोलले. म्हणाले, "सार, नाव बरोबर घेतलेत. पण आमच्या गावी तळे आहे. धामणी आहेत, त्या शेतात. गावाच्या मध्यभागी नाहीत." मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि तो शब्द मला तीनदा म्हणून दाखवला, आखूड एकाराने, आणि चौथ्यांदा मला म्हणावयास लावला.